कुंपणापलीकडची तिवरं

संध्याकाळी दिवे लागायच्या आत दत्ताराम परबांच्या घरातल्या सगळ्या खिडक्या बंद व्हायच्या. मग कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, मग डासांची उदबत्ती, मग मच्छरदाणी. एवढं करूनही सकाळी मुलीच्या, नंदाच्या, हातांवर लाल गांधी उठलेल्या असायच्याच. बोरीवलीला खाडीच्या अंगाला नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. साल साधारण एकोणीसशे पंच्याऐंशी. त्या भागात जे राहिलेत त्यांना तो धूर अजून आठवत असेल.

परबांचे वडील कोकणातून येऊन परळच्या गिरणीत लागले होते. चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब. दत्ताराम शिकले, फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क झाले आणि त्यांनी 'सागरछाया' सोसायटीत स्वतःची जागा घेतली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. त्या गॅलरीचं त्यांना फार कौतुक. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गॅलरीत नेऊन उभा करायचे. आणि पाहुणा नाकाला रुमाल लावायचा! कारण सोसायटीच्या कुंपणभिंतीपलीकडे खाडीचा एक फाटा आत शिरलेला होता. त्याच्या काठाने तिवरांची, म्हणजे खारफुटीची, दाट झाडी. ओहोटीला चिखल उघडा पडला की वास सुटायचा. परबांना त्या रुमालाची चीड यायची. चाळीतून इतक्या लांब आलो ते हा वास घ्यायला?

त्यात त्या फेब्रुवारीत नंदाला हिवताप झाला. मुलगी दहावीला, परीक्षा तोंडावर, आणि ती दोन दोन रजया घेऊन कुडकुडत पडलेली. तिच्या उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलताना परबांनी मनाशी ठरवलं. ही झाडी आता ठेवायची नाही.

परब सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी सभा बोलावली. मेहता, कदम, सामंत, सगळे जमले. प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी आजारी पडलेलंच होतं.

"झाडी साफ करायची, खाली भरणी टाकून जागा सपाट करायची," परब म्हणाले. "मुलांना खेळायला मैदान होईल. गणपतीचा मांडव तिथेच घालू. काय म्हणता?"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक हात वर झाला. तळमजल्यावरचे कुंडलिक गायकवाड. म्युनिसिपल शाळेत विज्ञान शिकवायचे. मूळचे सोलापूरकडचे. समुद्र पहिल्यांदा बघितला तो मुंबईत नोकरीला आल्यावर, आणि तेव्हापासून दर रविवारी ते खाडीवर जाऊन काहीबाही बघत बसायचे. सोसायटीतली मुलं त्यांना खेकडामास्तर म्हणायची.

"माझा विरोध आहे," मास्तर म्हणाले. "एक तर, हिवतापाचा डास त्या खाऱ्या पाण्यात होत नाही. ते पाणी भरती-ओहोटीने रोज ये-जा करतं. तो डास होतो साचलेल्या स्वच्छ पाण्यात. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण कधीपासून फुटलंय. मी कमिटीला सांगून थकलो. आधी तिथे बघा."

"आणि दुसरं?" कोणीतरी विचारलं.

"दुसरं म्हणजे, ती झाडी रिकामी उभी नाही. तिवराच्या मुळ्या चिखल धरून ठेवतात. उधाणाचं पाणी आलं की आधी त्या झाडांवर आदळतं आणि तिथेच त्याचा जोर मोडतो. मासे, कोलंबी, चिंबोऱ्या, सगळ्यांची पिल्लं त्या मुळ्यांत वाढतात. पलीकडचा कोळीवाडा त्या झाडांच्या आडोशाला जगतोय. ती भिंत आहे, परब. आपण बांधली नाही म्हणून आपल्याला ती भिंत वाटत नाही."

सभा जरा घुटमळली. सामंतांनी मान हलवल्यासारखं केलं. परबांना वाटलं, झालं! हा माणूस सगळं विस्कटणार. डोळ्यांसमोर कुडकुडणारी नंदा होती आणि डोक्यात राग होता. ते ताडकन म्हणाले, "मास्तर, तुम्ही दुष्काळी मुलखातले. तुम्हाला खाडीतलं काय कळतं? आणि चिखलात राहायची सवय तुमच्या लोकांना असेल. आम्ही इथे स्वच्छ राहायला आलोय."

लोक हसले. पुढच्या रांगेतले मोठ्याने, मागचे तोंडावर हात ठेवून. हसून झाल्यावर मात्र सगळे एकमेकांची नजर चुकवू लागले, कारण 'तुमच्या लोकांना' म्हणजे मुलखाचं नव्हे, जातीचं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. मास्तरांची बायको राधा उठली आणि कोणाकडे न बघता घरात गेली. मास्तर मात्र बसून राहिले. "माझा विरोध आहे, एवढं लक्षात असू द्या," ते म्हणाले. ठराव मंजूर झाला.

घरी आल्यावर परबांची बायको प्रेमा म्हणाली, "तसं बोलायला नको होतं तुम्ही."

"अगं, ओघात गेलं. एवढं काय त्यात?"

राधा आणि प्रेमा रोज संध्याकाळी बाजारात बरोबर जायच्या. दुसऱ्या दिवसापासून राधा एकटी जाऊ लागली.

एप्रिलमधल्या एका रविवारी श्रमदान झालं. कोयते, कुऱ्हाडी, करवती; बायकांनी केलेले बटाटेवडे; लाउडस्पीकरवर गाणी. परब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सर्वांत पुढे. तिवराचं लाकूड चिवट. पण इतक्या हातांपुढे ते किती टिकणार? दुपारपर्यंत निम्मी झाडी आडवी झाली.

तेवढ्यात डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चंपा आली. कोळीवाड्यातली. सोसायटीच्या गेटवर ती रोज मासळी विकायची. प्रेमाला कधी बोंबील जास्तच घालायची. तिने पाटी खाली ठेवली आणि पडलेल्या झाडांकडे बघतच राहिली.

"दादा, काय करताव ह्यो?" ती म्हणाली. "तिवरं कापू नका. उद्या दर्या आत आला तं त्याला आडवनार कोन? आमची घरं हायेत पल्याड."

"बाई, तुमची घरं कुठे, हे कुठे!" परब हसत म्हणाले. "दर्या काय बोरीवलीत येतोय? जा, मासळी विका. आणि हो, गेटवर बसू नका आता. तिथे घाण होते. स्वच्छतेच्या स्पर्धेत नाव घातलंय सोसायटीचं."

चंपा पाटी उचलून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत उरलेली झाडीही आडवी झाली. मग धोंडिराम नावाचा भरणीचा ठेकेदार आला. म्हणाला, "साहेब, पाडकामाचं राबिट मी फुकट टाकून देतो. मला कुठेतरी टाकायचंच असतं." परब खूश झाले. धोंडिराम हे का करतोय, त्या सपाट जागेवर त्याचाच डोळा आहे का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. ट्रक येत राहिले. पाडलेल्या इमारतींचा विटा-चुन्याचा ढिगारा फाट्याच्या काठावर पडत राहिला आणि फाट्याचं तोंड अरुंद होत गेलं. पावसाळा लागेपर्यंत कुंपणापलीकडे खरंच मैदान दिसायला लागलं. परब गॅलरीत उभे राहून समाधानाने बघायचे. डास मात्र तेवढेच होते.

श्रावणात वॉर्डातल्या नागरिक मंडळाची स्वच्छ सोसायटी स्पर्धा होती. दुसऱ्या दिवशी तपासणीला परीक्षक येणार म्हणून परबांनी रजा घेतली. जिने धुऊन घेतले, कुंड्यांना गेरू लावला, वॉचमन भीमराजला बजावलं, "आज बाहेरचं कोणी आत येता कामा नये. चिखलाचा एक पाय उमटलेला मला चालणार नाही."

सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी अमावास्येची मोठी भरती. परब जेवून गॅलरीत आले तर खाडीचा रंगच पालटलेला. पाणी फुगून मातकट झालं होतं. फाट्याच्या तोंडाशी ते भरणीवर आपटलं, वळलं, आणि सगळा लोट समोरच्या काठाला, कोळीवाड्याकडे घुसला. वाटेत त्याचा जोर मोडायला तिवरं उरलीच नव्हती! परबांच्या डोळ्यांदेखत काठाची माती लादीसारखी सुटून पडली. मासळी वाळवायच्या काठ्या वाहून गेल्या. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटू लागल्या. काठालगतच्या ओळीतल्या एका घराची भिंत बसली, मग शेजारच्या घराची.

सोसायटीच्या सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. सगळे बघत होते.

थोड्या वेळाने कोळीवाड्यातली माणसं फाट्याला वळसा घालून गेटशी आली. मुलं खांद्यावर, गाठोडी डोक्यावर. आसपास उंचावरची पक्की जागा तेवढीच होती. सर्वांत पुढे चंपा, आणि तिला धरून उभी असलेली तिची म्हातारी सासू. रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. भीमराजने गेटच्या कुलपाला हात लावला, आणि मान वर करून परबांच्या गॅलरीकडे बघितलं.

"साहेब, उघडू?"

परबांनी हात वर केला. "थांब जरा."

वाचकहो, हा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून कोणी सांगावं? परबांच्या मनात त्या क्षणी एवढंच आलं: धुतलेले जिने, उद्याची तपासणी, एकदा आत घेतलं तर ही माणसं किती दिवस राहतील, कमिटी काय म्हणेल. मेहतांना विचारावं का? हात तसाच वर राहिला. भीमराज तसाच कुलपावर हात ठेवून उभा. आणि गेटच्या गजांना धरून उभ्या असलेल्या म्हातारीचा पाय पाण्यात सटकला. ती आडवी पडली. चंपा ओरडली, "आये!"

तोच तळमजल्यावरून कुंडलिक मास्तर पाण्यातून धावत आले. त्यांनी वर कोणाकडे बघितलंच नाही. भीमराजच्या हातातून किल्ली घेतली, गेट उघडलं, म्हातारीला दोन्ही हातांवर उचललं आणि थेट आपल्या घरात नेलं. मागून राधाचा आवाज आला, "सगळे आत या. मुलांना आधी आणा. चहा टाकलाय." मग कुठे इतर दारं उघडली. कोणी चादरी आणल्या, कोणी भात टाकला. प्रेमा नवऱ्याला बाजूला सारून धावत खाली गेली.

परबांचा हात केव्हाच खाली आला होता. पण आता उघडायला गेट राहिलं नव्हतं.

म्हातारीचा खुबा मोडला होता. पाणी ओसरल्यावर तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे हाड या वयात जुळणं कठीण. कोळीवाड्याची काठालगतची ओळ पार भुईसपाट झाली होती. त्यात चंपाचं घर होतं, आणि तिच्या नवऱ्याची होडी मधोमध फुटली होती.

त्या आठवड्यात प्रेमा नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. परबांनीच एकदा विषय काढला. "मी नाही म्हटलं नव्हतं. थांब म्हटलं होतं फक्त."

प्रेमा रागावली की तिच्या तोंडात गावची बोली यायची. ती म्हणाली, "गावाक ह्या केला असतात, तर कोणी तुमका दारात उभा करून घेतला नसता."

परब उठले. घरात बसवेना, गॅलरीत उभं राहवेना. ते जिना चढून गच्चीवर गेले. तिथे टाकीजवळ येईपर्यंत आपण इथे कशाला आलो हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. झाकणाचा तुकडा बाजूला सारून त्यांनी आत वाकून बघितलं. नितळ, स्थिर पाणी. आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या, काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. त्यांच्या सावलीने घाबरून त्या सगळ्या एकदम तळाकडे गेल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा वर आल्या.

नंदाला ताप कुठून आला होता, ते हे! आपल्याच डोक्यावरून! बघायला चार पायऱ्या चढायचा कंटाळा केला, आणि शिक्षा दिली ती त्या झाडांना. कानशिलं तापली त्यांची. टाकीच्या काठावर हात टेकून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. आपण कोणाला हसलो होतो, कोण हसलं होतं, ते सगळे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढून गेले.

पावसामुळे पुढे ढकललेली तपासणी झाली. आणि 'सागरछाया'ला पहिलं बक्षीस मिळालं!

समारंभ शाळेच्या हॉलमध्ये होता. प्रमुख पाहुणे म्हणाले, "जिथे दलदल होती, तिथे या नागरिकांनी मैदान उभं केलं. श्री. परबांसारखी माणसं प्रत्येक सोसायटीत हवीत." टाळ्यांचा कडकडाट झाला. परबांना व्यासपीठावर बोलावलं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. ती शाल त्यांना ओल्या घोंगडीसारखी जड लागली. आभाराचे दोन शब्द बोलायचे होते. ते माइकसमोर उभे राहिले.

"हे बक्षीस..." ते म्हणाले आणि थांबले. "हे बक्षीस आम्हाला देऊ नका."

हॉलमध्ये कुजबुज झाली.

"त्या दिवशी कोळीवाडा बुडाला, तो आम्ही तोडलेल्या झाडांमुळे. पाण्याला आम्ही तिकडे वळवलं. मी वळवलं. माणसं दारात आली तर मी गेट उघडू दिलं नाही. जिने धुतले होते म्हणून! एक म्हातारी पडली, ती आता चालणार नाही." त्यांचा आवाज फुटला. "आमच्याइतकी घाणेरडी सोसायटी सबंध वॉर्डात नसेल."

शाल काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला आणि पायऱ्या उतरले. कोणी टाळी वाजवली नाही. बाहेर मेहता आणि कदम त्यांच्यावर तुटून पडले. "परब, स्वतःची अब्रू घालवायची तर घालवा, सोसायटीची कशाला? झाडं काय तुम्ही एकट्याने तोडली? भर सभेत वाट लावलीत आमची!"

"एकट्याने नाही तोडली," परब म्हणाले. "तेच तर सांगत होतो."

त्याच संध्याकाळी ते मास्तरांच्या दारात गेले. राधाने दार उघडलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आत हाक मारली. मास्तर बाहेर आले.

"मास्तर, माफी मागायला आलोय. सभेत जे बोललो त्याची. चिखलाचं बोललो ते..."

"चिखलाचा मला राग नाही आला, परब," मास्तर शांतपणे म्हणाले. "चिखल चांगला असतो. 'तुमच्या लोकांना' म्हणालात, त्याचा आला. आणि जे हसले त्यांतला एकही जण दुसऱ्या दिवशी माझ्याशी मान वर करून बोलला नाही, त्याचा आला. ही राधा, तुमच्या घरी आजारपणात पेज घेऊन येणारी. त्या दिवसापासून ती तुमचा जिना चढलेली नाही. तिला काय सांगू मी? ओघात गेलं म्हणून?"

परब मान खाली घालून उभे राहिले.

"माफी मागून तुम्ही मोकळे व्हाल," मास्तर म्हणाले. "मला तुम्हाला इतक्यात मोकळं करायचं नाही. आणि पहिली माफी माझी नाहीच. चंपाबाई सासूला घेऊन माहेरी गेल्यात, खाडीपलीकडच्या बेटावर. रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. यायचं तर या."

रविवारी दोघे खाडी ओलांडून पलीकडे गेले. चंपाचं माहेर म्हणजे बेटाच्या काठावरचं कोळ्यांचं छोटं गाव. काठाला तिवरं इतकी दाट की होडी त्यांच्यातल्या एका वाटेने आत न्यावी लागली. बाहेर वारा सुटला होता, लाटा उसळत होत्या, आणि झाडीच्या आत येताच पाणी ताटातल्यासारखं संथ झालं. परब ते बघतच राहिले. कोणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

पडवीत बाजेवर म्हातारी निजली होती. चंपा पुढे आली. परबांना बघून तिचा चेहरा बदलला.

"कोन आलंय गो?" म्हातारीने विचारलं. तिला नीट दिसत नव्हतं.

चंपाने तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग म्हणाली, "बोरीवलीचं पावनं हायेत, आये. तुला बघाया आलेत."

"देव बरं करो," म्हातारी म्हणाली, आणि परबांच्या दिशेने हात जोडले.

त्या जोडलेल्या हातांनी परबांना जे झालं, ते कोणाच्या शिव्यांनी झालं नसतं. ते तिथेच जमिनीवर बसले. "चंपाबाई," ते म्हणाले, "मी... तुम्ही सांगत होतात आणि मी हसलो. मला..."

"माफी नको मांगू, दादा," चंपा म्हणाली. "माफी घेऊन मी काय करू? माफीनं आयची हाडं जुळनार नाय. माजं घर उभं नाय व्हनार." मग तिने काठाकडे बोट केलं. "या गावातपन मागं एकदा तोडलेली तिवरं. सरपनाला. वादळात अर्धा किनारा गेला. तवापासनं बायांनी ठरवलं, जित्या झाडाला कोयता लावायचा नाय. वाळलेली फांदी पडली तर घ्यावी. परतेक घरानं आपल्या समोरचा किनारा राखायचा. कोनी तोडताना दिसला तर सगला गाव जमतो. तू बी तसं कर. पडलीत तेवढी परत लाव. मंग ये मला भेटाया."

निघताना तिने झाडीखालून वेचलेल्या तिवराच्या फळांची एक टोपली मास्तरांच्या हाती दिली. बदामाएवढी, हिरवट, आतून मोड आलेली.

परतीच्या होडीत परब म्हणाले, "हे लोक बेटावर राहतात, म्हणून त्यांना किनाऱ्याची किंमत कळते."

मास्तर हसले. त्या सभेनंतर पहिल्यांदाच. "आणि आपण कुठे राहतो, परब? साष्टी बेटच आहे हे. बोरीवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, सगळं बेटावर आहे. चारी बाजूंनी पाणी आहे आपल्याला. पूल झाले, रेल्वे आली, आणि आपण विसरलो. पाणी विसरलेलं नाही."

पुढचं काम सोपं नव्हतं. टाकीचं झाकण त्याच आठवड्यात बदललं. ते सर्वांत सोपं. भरणी उपसायला मात्र सुरुवातीला चारच माणसं होती: परब, प्रेमा, मास्तर आणि भीमराज. सोसायटी वरून बघायची. कोळीवाड्यातले लोकही काठावर उभे राहून बघायचे. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. एके सकाळी धोंडिरामचे ट्रक पुन्हा आले. परब टोपलं टाकून ट्रकसमोर आडवे उभे राहिले.

"साहेब, तुम्हीच परवानगी दिलेली," धोंडिराम म्हणाला.

"दिली होती. चुकलं माझं. आता मागे घ्या."

"एकट्याने अडवणार?"

तोवर काठावरचे कोळी खाली उतरले होते. नुसते येऊन परबांच्या बाजूला उभे राहिले. मग जिन्यावरून चपलांचा आवाज आला. सामंत खाली आले, त्यांच्यामागे आणखी दोन-तीन घरची माणसं. शेवटी चक्क मेहतासुद्धा! धोंडिरामने एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि ट्रक मागे घेतले. ते पुन्हा आले नाहीत.

फाट्याचं तोंड मोकळं झालं. ओहोटीला चिखलात उतरून त्यांनी तिवराची फळं रोवली. पहिल्या वर्षीची जवळजवळ सगळी वाहून गेली. त्या दिवशी परब चिखलात उभे राहून रडकुंडीला आले. मास्तर म्हणाले, "तोडायला एक दिवस लागला होता. लावायला किती लागेल असं वाटलं होतं?" दुसऱ्या वर्षी काठावर काठ्यांचं कुंपण घालून पुन्हा लावली. काही टिकली. तिसऱ्या वर्षी कोळीवाड्यातल्या बायकाही टोपल्या घेऊन आल्या. त्या बेटावरच्यासारखं इथेही ठरलं: प्रत्येक इमारतीने आणि प्रत्येक घराने आपल्या समोरचा काठ राखायचा.

एका ओहोटीला रोपं लावताना राधाने प्रेमाकडे न बघताच हातातली टोपली तिच्यापुढे केली. प्रेमाने ती धरली. पुढची सगळी ओळ दोघींनी मिळून लावली.

चंपा बोरीवलीला परत राहायला आली नाही. तिची सासू पुन्हा चालली नाही. परब दर वर्षी एकदा होडीने बेटावर जात, म्हातारीपाशी बसत. ती त्यांना अखेरपर्यंत पाहुणेच म्हणत राहिली, आणि चंपाने तिला कधी खरं सांगितलं नाही. काही वर्षांनी, काठाला पुन्हा कमरेएवढी तिवरं डोलायला लागली तेव्हा, आजूबाजूच्या सोसायट्यांतली माणसं बघायला यायची. "हे वन तुम्ही उभं केलंत म्हणे," असं कोणी म्हणालं की परब तिथल्या तिथे सांगायचे, "उभं होतंच. मी तोडलं होतं. त्यातलं थोडं परत लावलंय."

बंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या घरामागे असा एखादा किनारा आहे. कुठे खाडी आहे, कुठे तळं, कुठे डोंगराचा उतार. आपल्याला तिथली घाण दिसते, आणि घाण दिसली की आपला हात आधी कोयत्याकडे जातो. त्या चिखलावर कोणाची घरं उभी आहेत, हे विचारायला मात्र आपल्याला सवड नसते. स्वच्छता म्हणजे आपला कचरा आणि आपलं संकट दुसऱ्याच्या दारात ढकलणं नव्हे. आणि चूक उमगली की नुसती लाज वाटून भागत नाही. लाजेने मान खाली जाते, ते चांगलंच. खाली जमीन असते, आणि तिथे आपण जे उपटलं ते परत लावायला जागा असते. लावायला लागा!